चाफा, टी आणि अळू : मेनलँडच्या घरात हवाई

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हवाईतली माणसं उरलेल्या अमेरिकेला ‘मेनलँड’ म्हणतात. तिथे सुट्टी घालवून, किंवा काही वर्षं नोकरी करून मेनलँडला परतलेल्या वाचकांची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. त्या बेटांवरची बरीच झाडं आपल्या अंगणातली आहेत. प्लुमेरिया म्हणजे पांढरा चाफा, पीकाके म्हणजे मोगरा, कालो म्हणजे अळू आणि हाला हा केवड्याचाच भाऊबंद. टी म्हणजे मात्र चहा नव्हे, ते लांब पानांचं शोभेचं झाड. तेव्हा झाडांची ओळख नव्यानं करून घ्यायची नाही. झगडा आहे तो मेनलँडच्या हिवाळ्याशी, नळाच्या पाण्याशी आणि हीटरनं कोरड्या केलेल्या हवेशी.

प्रश्न : होनोलुलूच्या विमानतळावरून प्लुमेरियाची फांदी आणली. नोव्हेंबरात कुंडीत लावून खिडकीत ठेवली, रोज पाणी घातलं. महिन्याभरात बुंधा काळा पडून मऊ झाला. दुसरा एक जुना चाफा तीन वर्षं पानांनी भरलेला आहे, पण फूल एकही नाही. काय चुकतंय? (एडिसन, न्यू जर्सी)

पहिल्या फांदीला पाण्यानं मारलं. नुकत्याच लावलेल्या फांदीला मुळं नसतात आणि पानंही नसतात, म्हणजे पाणी ओढून घेणारं कुणीच नसतं. माती ओली राहते, थंडीत ती वाळत नाही आणि कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते. नोव्हेंबरात आणलेली फांदी त्याच महिन्यात लावायची गरजही नसते. वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या कोरड्या जागी ठेवली तर ती काही महिने टिकते. न्यू जर्सीत लावणीची वेळ एप्रिलअखेर ते मे.

फांदी १२ ते १८ इंचांची, अंगठ्याएवढी जाड आणि राखाडी सालीची घ्या. हिरवी, कोवळी फांदी लवकर कुजते. पानं असतील तर कापून टाका. कापलेलं तोंड सावलीत ७ ते १४ दिवस वाळू द्या. बोटानं टोकरल्यावर लाकडासारखं कडक लागलं पाहिजे. कुंडी साधारण एक गॅलनची, तळाला भोकं असलेली. निम्मं परलाइट (मातीत मिसळायचे हलके पांढरे खडे) आणि निम्मी कुंडीची तयार माती असं मिश्रण भरा. फांदी ३-४ इंच खोल रोवून बांबूच्या काडीला बांधा, कारण फांदी हलली की नवी, ठिसूळ मुळं तुटतात. लावताना एकदाच पाणी घाला आणि मग हात आवरा. टोकाला तीन-चार पानं येऊन ती ४-५ इंच लांब होईपर्यंत पुन्हा पाणी नाही. याला सहा ते आठ आठवडे लागतात. मुळं फुटायला मातीला ८० ते ८५ अंश फॅरनहाइट ऊब हवी. रोपांखाली ठेवायची विजेची गरम चटई त्यासाठी फार उपयोगी पडते.

दर आठवड्याला फांदी मातीलगत दाबून पाहा. मऊ लागली तर लगेच उपटा आणि काळा भाग कापत वर जा. गाभा कडेपासून मध्यापर्यंत स्वच्छ पांढरा दिसेल तिथे थांबा. दर कापाआधी सुरी अल्कोहोलनं पुसा, नाहीतर रोग तुम्हीच वर नेता. उरलेला तुकडा पुन्हा वाळवून लावता येतो. चीक त्वचेला झोंबतो आणि डोळ्यांत गेला तर फारच त्रास होतो, म्हणून हातमोजे घालूनच हे काम करा.

आता न फुलणारा चाफा. ओळीनं चार गोष्टी तपासा. ऊन रोज सहा तास थेट मिळतं का? काचेआडचं ऊन धरू नका. नायट्रोजनचं खत जास्त होतंय का? हिरवळीला घालायचं खत शिंपडताना कुंडीतही पडत असतं. दर वर्षी आकारासाठी छाटणी होते का? फुलांचा तुरा फांदीच्या टोकालाच येतो, तेव्हा टोक छाटलं की फूल गेलं. आणि हिवाळ्यात टोकं गारठून काळी पडतात का? फुलं यावीत म्हणून फॉस्फरसचा मारा करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो ऐकू नका. फॉस्फरस अति झाला की झाडाला लोह मिळेनासं होतं आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. समतोल खत, मे ते ऑगस्ट, एवढं पुरे.

रात्रीचं तापमान ५० अंशांच्या खाली जायला लागलं की कुंडी आत घ्या. पानं गळतील, झाड मेलेलं नाही, झोपलेलं आहे. ४५ ते ५५ अंशांच्या गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये फळीवर ठेवा, गार काँक्रीटवर नको. पाणी बंद. साल सुरकुतली तरच महिन्यातून अर्धा कप. मार्चअखेर उबेला आणा, टोकाला हिरवा कोंब दिसल्यावर पाणी सुरू करा, आणि मेच्या मध्यानंतर आठवडाभर सावलीत ठेवून मगच उन्हात न्या. एकदम उन्हात नेलं तर खोड भाजतं. पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. घरात कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतली की आटोक्यात राहतो.

चाफा मूळचा हवाईचा नव्हेच. मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधलं हे झाड १८६० मध्ये विल्हेल्म हिलेब्रँड या जर्मन डॉक्टरनं होनोलुलूत आणलं. पिकावरच्या अळ्या खाव्यात म्हणून भारतातून साळुंक्या नेणाराही तोच. होनोलुलूत पहाटे चाफ्याखाली साळुंकीचा कलकलाट ऐकून घरची आठवण येते, त्याचं मूळ इथे आहे.

प्रश्न : हवाईहून परतताना बरोबर काय आणता येतं? नातेवाइकांकडचा कढीपत्ता, लेई (फुलापानांची माळ), थोडी वाळू आणि लाव्हाचा एक दगड आणायचा विचार आहे. (केटी, टेक्सस)

चारांतलं एकच आणता येईल, लेई. तीही पाहून.

हवाई हे अमेरिकेचंच राज्य असलं तरी तिथून मेनलँडला निघताना विमानतळावर अमेरिकेच्या कृषी खात्याची तपासणी असते. फळमाशीसारख्या किडी मुख्य भूमीवर पोचू नयेत हा हेतू. ताजी फुलं आणि लेई तपासून सोडतात, पण लिंबाच्या कुळातलं काहीही चालत नाही. म्हणजे लिंबूसंत्र्याची पानंफुलं तर नाहीच, पण कुंतीची पानं गुंफलेली लेईही नाही. कढीपत्ता याच कुळातला असल्यामुळे तोही बाद. या झाडांवर सिट्रस सायला ही कीड जगते आणि तिच्यामुळे संत्र्याच्या बागा उजाड करणारा रोग पसरतो. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हे नाव नव्यानं सांगायला नको. जेड वेलीची निळी-हिरवी फुलंही नेता येत नाहीत.

माती कुठल्याच स्वरूपात चालत नाही, म्हणून कुंडीतलं रोप आणू नका. ऊसही चालत नाही. प्लुमेरियाची आणि टीची कांडी तपासून शिक्का मारलेल्या पाकिटात विकत मिळते, ती घ्या. अननस आणि नारळ तपासणीनंतर आणता येतात. पपई फक्त प्रक्रिया केलेली, शिक्क्याच्या खोक्यातली. कुणाच्या अंगणातला आंबा किंवा पेरू मात्र विमानतळावरच राहील. जे काही आहे ते आपणहून दाखवा.

समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणि प्रवाळ उचलायला हवाई राज्याच्या कायद्यानं मनाई आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातला दगड उचलणं हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. ज्वालामुखीची देवता पेले हिचा कोप होतो या समजुतीनं दर वर्षी कितीतरी लोक नेलेले दगड टपालानं परत पाठवतात. कायदा आणि श्रद्धा दोन्ही एकच सांगताहेत, तर दगड तिथेच राहू द्या.

भाजलेल्या कॉफीला कसली आडकाठी नाही. पाकिटावर ‘शंभर टक्के कोना’ असं लिहिलंय ना ते बघा. नुसत्या ‘कोना ब्लेंड’मध्ये १० टक्के कोना असली तरी हवाईच्या कायद्यानं ती बरीच वर्षं चालत आली आहे.

प्रश्न : बेसमेंट ‘हवाई थीम’वर सजवायचं आहे. टिकीचे मुखवटे, गवताच्या झालरीचा बार, प्लॅस्टिकच्या माळा अशी यादी केली आहे. अजून काय घ्यावं? (नेपरव्हिल, इलिनॉय)

यादी फाडून टाका, असं मनापासून सांगावंसं वाटतं. ती सजावट हवाईची नाही. टिकी बार १९३३ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये जन्माला आला. हवाईच्या लोकांसाठी टिकी नावाच्या त्या लाकडी मूर्ती देवतांच्या आहेत. आपल्या खंडोबाचा टाक कुणी दारूच्या बाटल्यांमागे शोभेला लावला तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांना वाटतं.

हवाईतल्या घरात शिरताना खरं काय जाणवतं? दाराशी चपलांचा ढीग. घरात कुणी पादत्राणं घालत नाही. मग लानाय, म्हणजे छप्पर असलेली पण भिंती नसलेली, घराला लागून असलेली जागा. आपली ओसरीच. (लानाइ या बेटाचं नाव वेगळं, त्यात शेवटच्या ‘इ’च्या आधी घशात एक बारीकसा अडथळा येतो.) तुमच्या घरात बेसमेंटपेक्षा मागच्या अंगणात उघडणाऱ्या सरकत्या काचेच्या दाराजवळची जागा यासाठी हजार पटींनी चांगली. तिथला जाड पडदा काढा, दोन बुटक्या वेताच्या खुर्च्या बाहेर तोंड करून ठेवा, छताला पंखा लावा. दक्षिणेचं दार असेल तर हिवाळ्यात झाडंही तिथेच जगतील.

खाली लाउहालाची चटई. हाला म्हणजे केवड्याच्या जातीचं झाड आणि लाउ म्हणजे पान. पानांच्या कडांचे आणि पाठीवरचे काटे सोलून, पानं मऊ करून, एकसारख्या पट्ट्या पाडून ती हातानं विणतात, म्हणून किंमत जास्त असते. मेनलँडला ती तडकते, आणि तडकते नेहमी जानेवारी-फेब्रुवारीत, कारण हीटर चालू असताना घरातली आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. त्या महिन्यांत तीन-चार आठवड्यांनी दोन्ही बाजूंवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि सपाट ठेवून पूर्ण वाळू द्या. कडक ऊन लागू देऊ नका. घडी कधीच घालू नका, गुंडाळा. ओली असताना गुंडाळली तर बुरशी येते. आलीच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि हवेशीर वाळवा.

प्रश्न : आमच्या मंडळाचा महाराष्ट्र दिन १ मे रोजी आहे. हवाईत त्याच दिवशी ‘लेई डे’ असतो असं कळलं. ४० पाहुण्यांचं स्वागत लेईनं करायचं आहे. फुलं किती लागतील, कशी गुंफायची? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

योग खरोखरच सुंदर आहे. डॉन ब्लँडिंग या कवीनं लेईसाठी एक दिवस असावा असं सुचवलं आणि १ मे १९२८ ला पहिला लेई डे साजरा झाला. त्यानंतर ३२ वर्षांनी त्याच तारखेला महाराष्ट्र राज्य झालं.

आता हिशोब. प्लुमेरियाच्या एका साध्या लेईला सुमारे ५० फुलं लागतात. चाळीस पाहुण्यांना दोन हजार. मे महिन्याच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या चाफ्याला तेवढी फुलं नसतात. फूलबाजारातली डेंड्रोबियम ऑर्किड घेतली तरी एका लेईला ५० ते ६० लागतात. आमचा सल्ला असा: चार-पाच प्रमुख पाहुण्यांना फुलांची लेई आणि बाकी सगळ्यांना टीच्या पानांची वळलेली लेई. ती हवाईत फुलांइतकीच मानाची आहे आणि चार दिवस आधी करून ठेवता येते.

फुलांच्या लेईसाठी १२ इंचांची पोलादी सुई मिळते. दोरा १०० इंच घ्या, दुहेरी करा. तयार लेई सुमारे ४० इंचांची होते. मेणाचा लेप असलेला, दात साफ करायचा दोराही चांगला. तुटत नाही आणि फुलं घसरत नाहीत. सुई फुलाच्या तोंडातून आत घालून देठाकडून काढायची, बरोबर मधून. जरा तिरकी गेली की नळी फाटते. पाच-सहा फुलं झाली की सुईवरून दोऱ्यावर सरकवा, ओढताना चिमटीत दाबू नका; जिथे बोट दाबलं तिथे तासाभरात तपकिरी डाग दिसतो. गजऱ्यात आपण देठाला गाठ मारतो, इथे फूल आरपार ओवतात, एवढाच फरक. मोगऱ्याच्या कळ्या मिळाल्या तर त्यांचीही होते. हवाईची राजकन्या काइउलानी हिला मोगरा आणि मोर दोन्ही फार आवडायचे, म्हणून तिथे मोगऱ्याचं नावच मोराचं, ‘पीकाके’, पडलं. कळ्या न उमललेल्या आदल्या संध्याकाळी ओवाव्यात.

टीच्या लेईला माणशी ८ ते १० पानं धरा, म्हणजे सुमारे ४०० पानं. घाऊक फूलविक्रेत्याकडे आठवडाभर आधी सांगा. पान उलटं धरून मधल्या शिरेवर सुरीनं हलकी चीर द्या आणि शीर ओढून काढा. प्रत्येक पानाच्या दोन पट्ट्या होतील. पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढून वितळल्यावर पान चामड्यासारखं लवचिक होतं. गोठवलं नाही तर वळताना तडातड फाटतं, नव्यांची चूक नेमकी इथेच होते. दोन पट्ट्या एकत्र गाठ मारून खुर्चीच्या पायाला बांधा. प्रत्येक पट्टीला स्वतंत्रपणे उजवीकडे पीळ द्या आणि दोन्ही एकमेकींवरून डावीकडे वळा. सुंभ वळतात तसंच हे. दोन पीळ विरुद्ध दिशांचे असले तरच दोर उलगडत नाही. पट्टी चार इंच उरली की नवी तिच्या पोटात घाला. दोन्ही पट्ट्या एकाच ठिकाणी बदलू नका, तिथे दोर कच्चा राहतो. हात बसल्यावर एका लेईला अर्धा तास लागतो. चाळीस लेया म्हणजे वीस तास. आठ जण अडीच तास बसले की काम फत्ते. ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

एक फार महत्त्वाचं. आपल्याकडे सत्काराचा हार गळ्यात पडला की पाहुणा नम्रतेनं लगेच काढून टेबलावर ठेवतो. लेईच्या बाबतीत हाच उद्धटपणा ठरतो. देणाऱ्यासमोर ती काढत नाहीत. सूत्रसंचालकांनी हे सुरुवातीलाच सांगून टाकावं. लेई निम्मी छातीवर आणि निम्मी पाठीवर रुळेल अशी खांद्यांवर ठेवायची. गर्भवतीला बंद गोल लेई देत नाहीत, नाळेच्या वेढ्याशी तिचा संबंध लावतात. टोकं मोकळी असलेली द्या. टीची लेई तशीच ठेवता येते. कार्यक्रमानंतर कचऱ्याच्या डब्यात नको. दोरा काढून फुलं झाडाखाली मातीत मिळू द्या. आपण निर्माल्य जसं जपतो तसंच.

प्रश्न : टीच्या रोपाच्या पानांची टोकं तपकिरी होऊन जळतात. क्लोरीन उडून जावं म्हणून नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवते, तरी फरक नाही. (कोलंबस, ओहायो)

क्लोरीन उडतं, फ्लोराइड उडत नाही. दोष त्याचा आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पिण्याच्या पाण्यात दातांसाठी लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड ठेवतात. माणसाला ते योग्यच, पण टी आणि ड्रॅसिना या झाडांना ते सोसत नाही. पाण्याबरोबर ते पानाच्या टोकाशी आणि कडांशी जाऊन साठतं आणि तिथली पेशी मरते. पाणी उकळलं तर आणखी दाट होतं. पाण्याच्या जगमध्ये बसवलेल्या साध्या फिल्टरनंही फारसं जात नाही. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा.

मातीतूनही फ्लोराइड येतं. परलाइटमध्ये थोडं असतं आणि सुपरफॉस्फेट खतात बरंच. म्हणून टीसाठी परलाइटऐवजी नारळाचा काथ्या आणि जाड वाळू घ्या. माती आंबट असली तर झाड फ्लोराइड जास्त शोषतं. सामू ६ ते ६.५ असू द्या. आत्ताची कुंडी सिंकमध्ये ठेवून तिच्या आकाराच्या तिप्पट चांगलं पाणी सावकाश वाहू द्या. जळलेलं टोक पुन्हा हिरवं होणार नाही. कात्रीनं पानाच्या आकारात कापा, पण एक केसभर तपकिरी रेघ राहू द्या. हिरव्यात कात्री गेली की तिथून नवी जळण सुरू होते. सुधारणा नव्या पानांवर पाहायची, म्हणजे दोन महिने धीर धरा.

जागा ५५ अंश फॅरनहाइटच्या वर, भरपूर उजेड, पण दुपारचं थेट ऊन नको. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर उंचावर ठेवा, पानं खाल्ली तर त्यांना उलट्या होतात. हवाईत घराच्या कोपऱ्यांवर हिरवी टी लावतात, रक्षणासाठी. मेनलँडला दाराच्या आत, दोन बाजूंना दोन कुंड्या ठेवल्या तरी तो भाव राखला जातो.

प्रश्न : भारतीय दुकानातल्या अरवीची पोई (शिजवून कुटलेल्या अळूच्या गड्ड्याचं हवाईतलं खाणं) केली, तर बुळबुळीत लापशी झाली. अळूच्या पानांचा हवाई पद्धतीचा रस्साही केला, घसा खवखवला. (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन)

दोन्ही चुका सुधारण्याजोग्या आहेत. अरवीचे छोटे गड्डे जातीनंच बुळबुळीत. पोईसाठी अर्ध्या किलोचा किंवा त्याहून मोठा, आडव्या वलयांचा गड्डा लागतो. चिनी किंवा फिलिपिनो दुकानात मिळतो. कापल्यावर पांढऱ्यात जांभळ्या रेषा दिसतात. मोठे तुकडे करून दीड तास वाफवा, किंवा कुकरमध्ये ३० मिनिटं. सुरी लोण्यासारखी गेली पाहिजे. कच्चट राहिला तर तोंडाला खाज सुटते. सालं शिजवल्यावर, गरम असताना काढा. मग पाटा-वरवंटा असेल तर तोच काढा, कारण हवाईतही दगडी बत्त्यानं लाकडी पाटावर कुटतात. हात सारखा ओला करत, पाणी न घालता कुटलेला घट्ट गोळा म्हणजे पाइ आइ. तो टिकतो. त्यातला लागेल तेवढा घेऊन पाणी घालत मळला की पोई. ५०० ग्रॅम गोळ्याला पाऊण ते एक कप पाणी. मिक्सर सतत फिरवला तर डिंक होतो, थांबून थांबून झटके द्या. ताजी पोई गोडसर लागते. झाकून ओट्यावर एक-दोन दिवस ठेवली की आंबते, ताकासारखी. खरी चव तीच. पोईचा दाटपणा बोटांवर सांगतात: एका बोटानं उचलता येते ती सर्वांत घट्ट, तीन बोटं लागली तर पातळ.

घशाची खवखव पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. आपण फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका घालून निभावून नेतो. हवाईच्या पाककृतीत आंबट काही नसतं, सगळी भिस्त शिजवण्यावर. ४५० ग्रॅम पानं, देठ आणि जाड शिरा काढून, भरपूर पाण्यात पाऊण तास उकळा. ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात आणखी २० मिनिटं. मगच ४०० मिलिलिटर नारळाचं दूध आणि मीठ घालून दहा मिनिटं मंद आंचेवर ठेवा. नारळाचं दूध आधी घातलं तर तासभर उकळताना फाटतं. या पानांचं नाव ‘लूआउ’, त्यावरूनच हवाईच्या मेजवानीला ते नाव पडलं. नर्सरीत शोभेसाठी मिळणारी ‘हत्तीच्या कानां’ची झाडं कितीही अळूसारखी दिसली तरी खाऊ नका.

हवाईच्या परंपरेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. वाकेआ या आकाशपित्याचं एक मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथे कालो उगवला. त्याचं नाव हालोआनाका. धाकट्या भावापासून माणसं झाली. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना घरात कुणी भांडत नाही.

प्रश्न : कोआ लाकडाचं युकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य) होनोलुलूहून आणलं. पहिल्याच हिवाळ्यात पुढच्या फळीला बारीक चीर गेली. (ब्लूमिंग्टन, मिनेसोटा)

लाकूड आक्रसलं. कोआ हे बाभळीच्या नात्यातलं हवाईचं झाड; वाद्य तिथल्या दमट हवेत जुळवलं गेलं आणि तुमच्याकडे जानेवारीत घरातली हवा वाळवंटाइतकी कोरडी असते. चीर पडण्याआधी वाद्य इशारे देतं. गळ्याच्या कडेवरून बोट फिरवल्यावर धातूच्या पट्ट्यांची टोकं टोचू लागतात, कारण लाकूड आत गेलेलं असतं आणि धातू जागेवरच. पुढची फळी किंचित खोलगट दिसते आणि तारा पट्ट्यांवर घासून बझ्झ आवाज येतो.

वाद्य भिंतीवर न टांगता पेटीत ठेवा. पेटीत छोटा आर्द्रतामापक हवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला पाहिजे. लाकडी वाद्यांसाठी ४९ टक्क्यांवर हवा स्थिर ठेवणाऱ्या पुड्या मिळतात, त्यांतल्या एक-दोन पेटीत ठेवून कडक झाल्या की बदला. ओला स्पंज उघडा ठेवू नका, थेंब पडला तर सरस सुटतो. बाहेरून थंडीतून आणलेली पेटी लगेच उघडू नका. तास-दोन तास खोलीत तशीच राहू द्या.

चीर केसाएवढी असेल तर आधी आठवडाभर पेटीत आर्द्रता नीट करा; पुष्कळदा ती स्वतःहून मिटते. मिटली तरी वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून आतून लाकडी पट्टी चिकटवून घ्या, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात तिथेच उघडते. घरी सुपरग्लू ओतू नका. तो चिरेत सुकला की कारागिराला खरा सरस धरवता येत नाही, आणि वरच्या पॉलिशवर पांढरा डाग राहतो.